खुले पत्र : आमचा घाट सुंदर करू नका, घाटच राहू द्या

प्रति,
नदीघाट सुशोभीकरणाच्या फायलीवर ज्यांची ज्यांची सही आहे ते सगळे साहेब आणि मॅडम,
आणि आमच्याच गावचे कारभारी,

सप्रेम नमस्कार.

आधी दोन अर्ज दिले होते, दोन्हीची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून आता हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम टाकलं नाही, कारण माझं भांडण कुणा एका माणसाशी नाही, आणि वाईच्या खाली माहुलीच्या वर कृष्णेच्या काठाला कुठंही उतरलात तरी थोड्याफार फरकाने हेच दिसेल. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या दोन ओळीतच गाव कळेल.

मी गावची लेक. लग्न होऊन साताऱ्याला आले त्याला 22 वर्षं झाली. मागच्या ग्रामसभेत मी घाटाचा विषय काढला तेव्हा एक जण म्हणाले की ताई तुमचं मतदान आता इथं नाही, तुम्ही कशाला बोलताय. बरोबर आहे, मतदान नाही. पण मी पोहायला त्या घाटावर शिकले, अण्णांनी तरंगायला पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून मधल्या टप्प्यावरून ढकलून दिलं होतं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि आठव्या दिवशी बिंडा सोडून पलीकडच्या काठाला हात लावून आले. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने नदीची ओटी भरली ती तिथंच. आणि गेल्या वर्षी आईचा दहावाही तिथंच झाला. पिंडाला कावळा शिवायला दोन तास लागले, तोपर्यंत आम्ही सगळी भावंडं पायऱ्यांवर बसून होतो, आणि मला तेव्हा लक्षात आलं की आपण ज्या दगडावर बसलोय तिथं आईने आयुष्यभर गोधड्या आपटल्यात, दगड मधे खोलगट झालाय. तो दगड आता जागेवर नाही. एवढा माझा हक्क. तो यादीत सापडत नसेल तर त्याला माझा इलाज नाही.

आता झालं काय ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीत नसेल.

आमचा घाट मोठा नाही. 41 पायऱ्या, मधे दोन टप्पे, वर महादेवाचं छोटं देऊळ, बाजूला चिंच आणि पार. कुणी बांधला त्याचा शिलालेख नाही, जुनी माणसं पेशवाईतला म्हणतात, आणि त्या काळात कृष्णेला घाट बांधायचं काम खरंच फार झालेलं आहे, वाईला सरदार रास्त्यांनी बांधलं, मेणवलीला नाना फडणवीसांनी बांधलं. मेणवलीचा घाट बघायला लांबून लोक येतात, तिथली ती वसईच्या मोहिमेतून आलेली 1707 ची पोर्तुगीज घंटा बघतात, फोटो काढतात. आमच्याकडे घंटा नाही, सरदार नाही, सिनेमाचं शूटिंगही झालं नाही. आमच्या घाटावर बायका धुणं धुतात, म्हशी पाणी पितात, पोरं उड्या मारतात, सुतकातली माणसं आंघोळ करतात. दोनशे वर्षं हेच चाललंय आणि त्यासाठीच तो बांधलाय.

फेब्रुवारीत यात्रेला गेले तर जेसीबी लावलेला. पाण्याकडच्या 11 पायऱ्या उचकटलेल्या. दगड चिंचेखाली ढीग करून टाकलेले. वरच्या टप्प्यावर पेव्हर ब्लॉक बसलेले, लाल आणि पिवळे, देवळाच्या जोत्याला ग्रॅनाइट, आणि स्टीलचं रेलिंग वेल्डिंग चालू. विचारलं तर सांगितलं सुशोभीकरण आहे, पहिला टप्पा, दुसऱ्या टप्प्यात सगळ्या काठाला आरसीसी भिंत होणार, भिंतीत एक गेट. मग पैसे संपले का काय झालं, काम थांबलं. ते थांबलंय तोवरच हे लिहायचं होतं.

साहेब, मी विकासाच्या विरोधात नाही हे आधीच सांगते, कारण असं काही बोललं की लगेच तोच शिक्का बसतो. गावाला पैसा आला याचा मला आनंदच आहे. तक्रार ही आहे की ज्यांनी आराखडा काढला त्यांनी घाट कशाला असतो हे एकदाही विचारलं नाही. त्यांनी घाट म्हणजे बसून नदी बघायची जागा धरली. आमच्यासाठी ती पाण्यात उतरायची जागा आहे. सगळं पुढचं चुकलं ते इथून.

सगळ्यात आधी नंदीचं बोलते, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलंय.

खालच्या टप्प्यावर एक नंदी होता. देवळासमोर नाही, देवळापासून खाली, पाण्याकडे. बाहेरच्या माणसाला वाटेल की हा चुकून इथं कसा, कुणीतरी वरून आणून ठेवला असेल. तुमच्या माणसांनाही तसंच वाटलं असणार, म्हणून त्यांनी तो उचलून वर देवळासमोर नेला, ग्रॅनाइटच्या ओट्यावर बसवला आणि काळा ऑइलपेंट मारला, शिंगाला सोनेरी. कामगारांनी भक्तीनेच केलं असेल, त्यांना दोष देत नाही.

पण तो नंदी आमचं पुराचं माप होता. नंदीच्या खुराला पाणी लागलं की गोठ्यातली जनावरं सोडून वरच्या माळाला न्यायची. पोटाला लागलं की खालच्या आळीने धान्य माळ्यावर चढवायचं. वशिंड बुडालं की घरं सोडायची, मग विचार करत बसायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण गावात सात वर्षाच्या पोराला माहीत आहे. 2005 ला मी माहेरीच होते, अण्णा रात्रीत चार वेळा कंदील घेऊन नंदी बघून आले. 2019 ला आणि 2021 च्या जुलैला भावाने तेच केलं, कंदिलाऐवजी मोबाईलची बॅटरी. आमच्या खालच्या आळीतला एक माणूस, एक जनावर त्या तिन्ही पुरात गेलं नाही.

आता धोम धरणातून पाणी सोडायचं असलं की मेसेज येतो, नदीकाठच्यांनी सावध राहावं, इतके इतके क्युसेक विसर्ग. मेसेज यायलाच हवा, चांगली गोष्ट आहे, साडेतेरा टीएमसीचं धरण डोक्यावर असताना तो यायलाच हवा. पण क्युसेकचा आकडा वाचून माझ्या वहिनीला कसं कळणार की पाणी आपल्या उंबऱ्याला किती वाजता लागेल? ते नंदी सांगायचा, कारण तो आमच्या नदीला, आमच्या वळणाला, आमच्या आळीच्या उंचीला लावून ठेवलेला होता. कुणीतरी शहाण्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी दोनचार पूर बघून तो तिथं ठेवला असणार असं मला वाटतं. तो तुम्ही पंचवीस फूट वर नेलात. आता त्याच्या खुराला पाणी लागेल तेव्हा अर्धं गाव पाण्याखाली असेल.

दुसरं, सिमेंट. मी इंजिनिअर नाही, पण आमच्याकडे एक पाथरवट बाबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, त्यांच्या वडलांनी आसपासच्या दोनतीन घाटांची डागडुजी केलेली, त्यांच्याजवळ बसून ऐकलंय आणि नंतर एका वास्तुसंवर्धनवाल्या मॅडमना विचारून खात्री केली. जुन्या घाटाचे चिरे एकमेकाला इतके चिकटवून बसवलेले असतात की मधे चुना असला तर थोडासाच, आणि तो चुना घाण्यात मळलेला, त्यात गुळाचं पाणी, बेलफळ वगैरे घालून. या दरजांतून, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटींतून, पाणी झिरपतं. ते झिरपणं ही चूक नाही, तीच त्याची युक्ती आहे. पूर येतो तेव्हा घाटामागचा सगळा भराव भिजून जड होतो. पूर झपकन उतरतो, समोरचं पाणी खाली जातं, पण आतलं पाणी आतच असतं आणि ते बाहेर पडायला बघतं. दरजा मोकळ्या असल्या की ते गळून जातं, दोन दिवस पायऱ्या घामेजल्यासारख्या दिसतात, लहानपणी आम्ही म्हणायचो घाट रडतोय. त्या दरजा तुम्ही सिमेंटने गच्च भरल्या तर आतलं पाणी जाणार कुठून? ते दगडालाच ढकलणार. एक दोन पूर निघतील, मग भिंतीला पोट येईल, मग एखाद्या रात्री सगळं नदीत. पाथरवट बाबांचं म्हणणं असं की सिमेंट दगडाचं ऐकत नाही, चुना ऐकतो. मला याच्याहून चांगलं सांगता येत नाही.

वाईला ढोल्या गणपतीचं देऊळ आहे ना, सगळ्यांनी पाहिलेलं, 1762 मधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी आलं की दोन बाजूंना फाटून जावं म्हणून. कितीतरी पूर आले, देऊळ उभं आहे. ते लोक नदीला वाट देऊन बांधत होते. आणि आपण आज नदीकाठाला सरळ भिंत घालायची म्हणतोय. बरं ती भिंत निळ्या रेषेच्या आत येते का बाहेर, हे मी दोन्ही अर्जात विचारलं होतं. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आणि निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही हा नियम तुमचाच आहे. शेतकऱ्याने तिथं गोठ्याची भिंत बांधली तर नोटीस येते. मग ही भिंत कशी? याचं साधं हो किंवा नाही उत्तर द्या.

तिसरं रेलिंग. हे छोटं वाटेल पण रोजचं आहे. घाटाला रेलिंग लावलं, त्यातून जायला एक तीन फुटाची फट ठेवली. धुण्याचं पाटीभर ओझं डोक्यावर घेऊन बाई त्यातून जाते तेव्हा दुसरी समोरून येऊ शकत नाही. म्हैस तर जातच नाही. जनावरं आता वरच्या अंगाला बांध फोडून उतरवतात, तिथं काठ ढासळायला लागलाय. तिरडी त्या फटीतून नेता येत नाही, ती रेलिंगवरून उचलून द्यावी लागते, हे मी डोळ्याने बघितलंय, एप्रिलमध्ये एका म्हाताऱ्या काकूंची. चार माणसं अलीकडे चार पलीकडे, वरून हातात दिली. त्यांच्या लेकाचा चेहरा मला विसरता येत नाही. सुरक्षेसाठी रेलिंग आहे असं सांगतात, तर वरच्या टप्प्यावर जिथं खरंच दहा फुटाचा पड आहे तिथं लावा, कुणी नको म्हणणार नाही.

आणि फरशी. जुन्या पायऱ्यांच्या दगडाला टाकीचे घाव असतात, बारीक बारीक खड्डे, ओल्या पायाला धरतात. पेव्हर ब्लॉकवर पहिल्या पावसात शेवाळ आलं आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दोन बायका पडल्या, एकीचं मनगट मोडलं. ग्रॅनाइटबद्दल तर बोलायलाच नको.

चौथं म्हणजे वीरगळ, लढताना गेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. आमच्या घाटाच्या बाजूला तीन वीरगळ आणि एक सतीशिळा होती, झिजलेल्या, खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्या वीराला घेऊन चालल्यात आणि वर तो महादेवाची पूजा करतोय, सूर्य-चंद्र डोक्यावर. कोण माणूस होता, कुणाच्या गाई सोडवताना गेला का कुठल्या लढाईत, आज कुणाला माहीत नाही. पण पोळ्याला त्याला शेंदूर लागायचा. त्यातली एक जेसीबीच्या दाताने मधून फुटली. अर्धी ढिगात आहे, अर्धी मला सापडली नाही, बहुतेक भरावात गेली. त्याची खंत एकाही माणसाने व्यक्त केली नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं की हे संरक्षित स्मारक नाही.

या वाक्यावर थोडं थांबते, कारण हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. संरक्षित नाही. मान्य. केंद्राची आणि राज्याची मिळून महाराष्ट्रात संरक्षित स्मारकं सातशेच्या आसपास आहेत आणि गावं आहेत 40 हजारांच्या वर. म्हणजे बहुतेक गावांकडे संरक्षित असं काहीच नाही. पण बहुतेक गावांकडे काहीतरी जुनं आहे, एक बारव, एक पार, एक वेस, एक वीरगळ. यादीत नाव नाही म्हणजे ते मोडायला मोकळं असा अर्थ कायद्यात कुठंही नाही. यादीत नाव नाही याचा अर्थ एवढाच की त्याची काळजी आजवर गावाने घेतली, सरकारला तसदी दिली नाही. त्याची ही शिक्षा असू नये.

पाचवी गोष्ट गटाराची, आणि हे मी आमच्याच कारभाऱ्यांना विचारतेय. तात्या, अप्पा, तुम्ही मला कडेवर खेळवलंय म्हणून स्पष्ट बोलते. वरच्या आळीचं भूमिगत गटार केलं ते चांगलं केलं. पण त्याच्या पाइपचं तोंड घाटाच्या वरच्या अंगाला वीस पावलांवर नदीत का सोडलं? घाटाला लाखो रुपयांचा दगड लावायचा आणि त्याच घाटाला सांडपाणी येऊन टेकणार. उन्हाळ्यात धरणाचं आवर्तन नसतं तेव्हा नदी वाहत नाही, डोहात पाणी उभं असतं, त्यात ते काळं पाणी येऊन थांबतं, वास सुटतो. आमच्या लहानपणी त्या डोहात वाम आणि मरळ मिळायची, आता नुसती चिलापी. जलपर्णी दोन वर्षांपूर्वी आली. त्या पाण्यात लोक अजून कृष्णामाई म्हणून डोकं बुडवतात, लहान बाळाला पाच ओंजळी घालतात. गावात घरटी शोषखड्डे करायला जागा आहे, वरच्या आळीला तर नक्कीच आहे. सुशोभीकरणाच्या आधी हे व्हायला हवं होतं. नंतर नाही, आधी.

झाडांचं लिहायचं नव्हतं कारण लिहायला लागले की थांबता येत नाही. काठाची दोन करंजं आणि सगळी वाळुंजं तोडली, नदीचा व्ह्यू मोकळा व्हावा म्हणून. वाळुंजाची मुळं काठ धरून ठेवतात हे काठावरच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. खंड्याची बिळं होती त्या काठाच्या मातीत, दरवर्षी. असो.

आणि या सगळ्यात ग्रामसभा कुठं होती? मी माहितीच्या अधिकारात ठराव मागितला. ठराव आहे. त्यात सुशोभीकरण करणे हा एकच शब्द आहे, भिंत नाही, रेलिंग नाही, नंदी हलवणं नाही. नकाशा जोडलेला नाही. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल तेवढी लागतात. सह्या तेवढ्या आहेत. त्यातल्या नऊ बायकांना मी स्वतः विचारलं, त्यांना नळपाणी योजनेची सभा वाटली होती. मी कुणावर खोटेपणाचा आरोप करत नाही, घाईत असं होतं हे मलाही कळतं. पण रोज घाटावर जाणाऱ्या माणसांना घाटाचं चित्र एकदाही दाखवलं नाही हे खरं आहे, आणि घाटावर रोज जातात त्या बायका आहेत, गुराखी आहेत, आमच्या भोई आळीतली माणसं आहेत. भोई आळीचं तर कुणीच विचारत नाही. पूल व्हायच्या आधी पलीकडच्या गावाला जायला त्यांचीच नाव होती, सुगीला घरटी पायली दोन पायली धान्य मिळायचं, बाळंतीण, नवरी, मयत, शाळेची पोरं, सगळं त्यांनी पलीकडे नेलं. नाव बांधायचं लोखंडी कडं घाटाच्या शेवटच्या पायरीला होतं. तेही त्या 11 पायऱ्यांत गेलं.

आता मागण्या. मी त्या साध्या ठेवल्यात, कुठल्याही मागणीला जास्तीचा पैसा लागत नाही, उलट वाचेल.

पहिली, दुसऱ्या टप्प्याची भिंत रद्द करा. निदान पूररेषेचा नकाशा गावात लावून त्यावर भिंत कुठं येते ते दाखवेपर्यंत काम सुरू करू नका.

नंदी होता तिथं, होता त्याच उंचीवर परत बसवा. जुनी जागा शोधायला लागणार नाही, त्याच्या बुडाची खाच अजून टप्प्यावर आहे. ऑइलपेंट काढायचा तर घासून किंवा अ‍ॅसिडने नको, जाणकार माणसाकडून काढा.

उचकटलेल्या 11 पायऱ्या त्याच दगडांनी, चुन्यात बसवा. नवीन दगड नको, सिमेंट नको. चुन्याचं काम येणारे कारागीर या जिल्ह्यात अजून आहेत, पाथरवट बाबा उभं राहून दाखवायला तयार आहेत, त्यांच्या तब्येतीकडे बघता हे लवकर करावं लागेल.

रेलिंग फक्त वरच्या पडाला ठेवा. खाली पूर्ण मोकळं करा. जनावरांना वेगळा उतार हवा असेल तर दगडी खडी टाकून करून द्या, भिंतीच्या पैशात दहा होतील.

गटाराचं तोंड बंद करून शोषखड्डे, आणि जे उरेल ते पाणी गावाच्या खालच्या अंगाला स्थिरीकरण तळ्यात, म्हणजे सांडपाणी साठवून निवळू द्यायच्या तळ्यात, घ्या. ही मागणी बाकी सगळ्यांच्या आधी झाली तरी चालेल.

वीरगळ आणि सतीशिळा देवळाच्या आवारात छपराखाली उभ्या करा, फुटलेल्या अर्ध्या तुकड्यासकट. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला एकदा येऊन बघायला पत्र पाठवा, ते पत्र तुमच्या लेटरहेडवर गेलं तर लगेच दखल घेतली जाईल, माझ्या नावाने गेलं तर काय होतं ते मला माहीत आहे.

आणि नवीन ग्रामसभा, फक्त या विषयावर, नकाशा भिंतीला लावून. वेळ सकाळी दहाची नको, त्या वेळी बायका रानात असतात. संध्याकाळी घ्या, घाटावरच घ्या.

एक गोष्ट अजून. 2016 ला कन्यागत झालं, गुरू कन्या राशीत आला की कृष्णेला भरतं ते पर्व, पुढचं 12 वर्षांनी म्हणजे 2028 ला. तेव्हा कृष्णाकाठच्या सगळ्या घाटांवर गर्दी होणार आणि त्याच्या तयारीसाठी कामं निघणार हे उघड आहे. म्हणजे आमच्याकडे जे झालं ते वरती खालती कितीतरी गावांत व्हायची वेळ आलीय. त्या त्या गावच्या लोकांना माझी विनंती, जेसीबी यायच्या आधी आपल्या घाटाच्या पायऱ्या मोजून ठेवा, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, जुन्या माणसांना विचारा कुठला दगड कशाला आहे. आम्ही हे केलं नाही. आम्हाला वाटलं की घाट कुठं जातोय.

साहेब, मागच्या आठवड्यात मी, भावाची दोन मुलं आणि शाळेतली सात आठ पोरं मिळून चिंचेखालचा ढीग उपसला. जेवढे चिरे साबूत आहेत तेवढे वेगळे लावले. 63 भरले. आईचा तो खोलगट झालेला दगड सापडला, कडाही साबूत आहे. नावेचं कडं असलेला सापडला. कुठला कुठं बसत होता हे जमेल तेवढं पाथरवट बाबांनी सांगितलं, त्याप्रमाणे प्रत्येक दगडावर खडूने नंबर टाकलाय आणि वहीत नकाशा काढलाय. वही भावाकडे आहे, तुमच्यातलं कुणीही आलं तरी तो दाखवेल, चहाही होईल.

खडूचे आकडे पहिल्या वळवाला धुऊन जातील. त्याच्या आधी या.

आपली,
गावची एक माहेरवाशीण